पंपिंग साठ, तरीही

हृदयाच्या इकोच्या टेबलावर डाव्या कुशीवर वळायचं, डावा हात डोक्याखाली घ्यायचा. छातीला इलेक्ट्रोड चिकटवतात, मग गारेगार जेल. डॉक्टर प्रोब बरगड्यांच्या फटीत चांगलाच दाबून धरतात, कारण हाड आणि हवा, दोन्ही ध्वनिलहरींच्या आड येतात. ‘श्वास सोडा... थांबा.’ कुशीवर वळल्यामुळे हृदय छातीच्या भिंतीशी सरकलेलं असतं आणि पडद्यावर मायट्रल झडपेची दोन पानं उघडमीट करताना दिसू लागतात. माझं मागचं पान मिटताना वरच्या कप्प्यात फुगतं. मग कलर चालू होतो. प्रोबकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी त्याचा संबंध नाही. झडप मिटते त्याच क्षणी वरच्या कप्प्यात रंगीबेरंगी फवारा उडतो. तोच लीक.

या तपासणीची सुरुवातही मायट्रलपाशीच. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे हृदयतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारं यंत्र माणसाच्या हृदयावर धरलं. एडलरना मायट्रल झडपेचंच दुखणं शस्त्रक्रियेआधी नीट समजून घ्यायचं होतं.

रिपोर्ट हातात पडला की सोसायटीत पहिला प्रश्न, ‘पंपिंग किती?’ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात ढकललं जातं. साठ म्हटलं की समोरचा निर्धास्त. पण लीक मोठा असेल तर हा आकडा फसवा ठरतो: ढकललेल्या रक्तातलं काही उलटं वरच गेलेलं असतं आणि तेही पंपिंगमध्येच धरलं जातं. म्हणून मोठ्या लीकमध्ये पंपिंग साठच्या आसपास उतरलं, तरी डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलू लागतात. माझा लीक मॉडरेट. वर्षाला एक इको. ‘ट्रिव्हियल एमआर’, म्हणजे मायट्रलचा नगण्य लीक, हे शब्द तर कितीतरी धडधाकट माणसांच्या रिपोर्टात असतात, त्यांनी उगाच झोप उडवून घेऊ नये.

गंमत अशी, की हा फवारा मला कधीच जाणवत नाही. जाणवते ती धडधड, आणि ती इकोच्या वेळी हटकून गायब. तिच्यासाठी होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी. दिवसभर आणि रात्रभर छातीला वायरी, कमरेला डबी, आंघोळ बंद, शिवाय वही: ‘८.४०, कापूरबावडी, बसमागे धावलो.’ ‘रात्री ११.१५, डाव्या कुशीवर, ठोका चुकला.’ ठाण्यात घोडबंदर रोडला राहायचं म्हणजे मेट्रोचे खांब, खड्डे आणि गायमुखपासून तुंबलेले ट्रक. घरच्यांचा संशय अर्थातच रस्त्यावर. रिपोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. कापूरबावडीला ठोके जलद होते, पण एका लयीत. जादा ठोके पडले ते जेवून निवांत बसल्यावर. असा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा लांब विराम येतो, तेवढ्यात कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. छातीत धप्प होतं ते तेव्हा.

डॉक्टरांनी सुरू केलेली बीटा-ब्लॉकरची गोळी मनाने बंद करायची नाही. दात आणि हिरड्या जपायच्या, कारण तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. दातांच्या डॉक्टरांना लीकचं आधी सांगायचं. धडधड सुरू झाली की बसून मनगटावर नाडी बघायची. ती वेडीवाकडी चालतच राहिली, दम लागला किंवा भोवळ आली तर १०८ लावायचा. संध्याकाळी मानपाडा ते माजिवडा किती वेळ लागेल याचा भरवसा नसल्याने, सर्व्हिस रोडवर रात्री ईसीजी कुठे निघतो हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, शेजारच्या काकूंनाही.