ॲम्प्लिफायर ‘बसतो’ तेव्हा...

करी रोड, लालबाग, चिंचपोकळी म्हणजे गणपतीचा मुलूख! लालबागचा राजा तर १९३४ सालचा. पण आमच्या चाळीच्या छोट्या मंडळाचाही तोरा काही कमी नव्हता बरं का. आमच्याकडे स्वतःचा ॲम्प्लिफायर होता! एका वर्षी चतुर्थी चार दिवसांवर आली आणि तो ‘बसला’. स्विच दाबला की फट्‌कन फ्यूज उडायचा. नवा घ्यायचा तर सगळी वर्गणी त्यातच गेली असती.

तळमजल्यावरच्या काकांनी तो उघडला. आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून. “हात लांब! प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते,” ते ओरडले. (तुम्हीही असलं काही उघडू नका हं. नुसतं बघा.)

मागे ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर दोन धातूच्या टोप्या होत्या. हे २एन ३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५६ मध्ये शॉकली, बार्डीन, ब्रॅटन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. काम कसं? नळाच्या तोटीसारखं. ‘बेस’ नावाच्या पायाला थोडासा प्रवाह दिला, की ‘कलेक्टर’कडून ‘एमिटर’कडे मोठा प्रवाह धो धो वाहतो. माइकमधला इवलासा आवाज भोंग्यातून गल्लीभर जातो तो असा.

काकांनी ट्रान्झिस्टर सोडवून मल्टिमीटर लावला. चांगल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये बेस-एमिटरमध्ये एका बाजूने साधारण ०.६ व्होल्ट दिसतात, उलट बाजूने काहीच नाही. इथे एकात कलेक्टर-एमिटर सरळ जोडले गेले होते. तोटी कायमची उघडी! दुसरा ठीक होता. तरी काका म्हणाले, “दोन्ही बदलायचे. एक जण आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. एक तगडा आणि एक मरतुकडा असेल, तर पालखी तिरकी होणार.”

पण मुळात तो मेला कशाने? हे शोधल्याशिवाय नवा घालायचा नाही, यावर काका अडून बसले. आम्हाला वाटलं, उगाच वेळ घालवतायत. शेवटी सापडलं! गॅलरीच्या खिडकीत भोंग्याची वायर चिरडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. नवी जोडीही पहिल्याच आरतीला गेली असती.

मग लोअर परळहून गाडी पकडून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. नकली मालावर नंबर तोच असतो, पण आतली सिलिकॉनची चकती बारकी. जरा ताण आला की खलास.

या टोपीचा धातू म्हणजेच कलेक्टर. तो पंख्याला भिडला तर पुन्हा शॉर्ट! म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ पापुद्रा, आणि उष्णता नीट जावी म्हणून दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. हे करताना काका एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना त्यांनी मेनच्या वायरीत १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. अजून शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहतो, पण नवे ट्रान्झिस्टर वाचतात. बल्ब भप्‌कन पेटला. आमचे श्वास अडकले. मग हळूहळू मंद झाला.

“हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!”

मेलेला ट्रान्झिस्टर काकांनी करवतीने कापून दाखवला. एवढ्या जाडजूड टोपीत, नखाहून लहान, काळवंडलेला एक तुकडा होता.