परवान्याची वेस ओलांडली की…

रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छंद मॉडेल रेल्वेचा. समानधर्मी हौशी मंडळींना सोबत घेऊन त्यांनी 'जेएमआरआय' हा सॉफ्टवेअर प्रकल्प उभा केला. खेळण्यातल्या इंजिनात बसवलेल्या चिपचे प्रोग्रॅमिंग करणारा 'डीकोडरप्रो' हा त्यातलाच एक भाग. तो कोणीही फुकट घ्यावा, बदलावा, वाटावा अशी मुभा होती. मात्र मूळ लेखकांची नावे व कॉपीराइटची सूचना तशीच ठेवायची आणि आपण काय बदलले ते नोंदवायचे, अशी अट परवान्यात होती.

मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने यातल्या काही फायली आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरसाठी वापरल्या आणि नेमकी ही नावे व सूचनाच गाळल्या. जेकबसन कोर्टात गेले. २००७ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने सांगितले की, परवाना मुळातच ऐसपैस आहे. त्यातले कलम मोडले तर तो फार तर करारभंग. मनाई हुकूम नाकारला गेला.

करारभंग ठरला तर बिघडते कुठे? करारभंगात मुख्यतः झालेल्या नुकसानीचे पैसे मिळतात. जी वस्तू फुकट वाटली, तिचे नुकसान रुपया-डॉलरमध्ये मांडणार कसे? कॉपीराइटचे उल्लंघन ठरले, तर वापर थांबवणारा मनाई हुकूम मिळवण्याचा रस्ता खुला होतो. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स, लिनक्स फाउंडेशन, विकिमीडिया फाउंडेशन अशा संस्थांनीही अपिलात जेकबसन यांच्या बाजूने म्हणणे मांडले.

१३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने निकाल फिरवला. परवानगी 'या अटीवर' दिलेली होती. अट पाळली नाही तर परवानगीच उरत नाही, आणि परवानगीविना केलेली नक्कल म्हणजे कॉपीराइटचे उल्लंघन. पैसा हातोहात फिरला नाही, म्हणून निर्मात्याचा आर्थिक हितसंबंध संपत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. फुकट काम करणाऱ्याच्या पदरात त्याच्या नावाखेरीज काय पडते? त्या नावाला कायद्याने वजन दिले, हे या निकालाचे मोठेपण. २०१० मध्ये कॅट्झर यांनी १ लाख डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली.

तरीही परवान्यातले प्रत्येक वाक्य इतके जड नसते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या करारात आपोआप खेळणारे 'बॉट' वापरायला बंदी होती. 'ग्लायडर' नावाचा असाच बॉट विकणाऱ्या कंपनीचा खेळाच्या निर्मात्या ब्लिझार्डशी वाद झाला, आणि त्यावर २०१० मध्ये अपिलात निकाल लागला. बॉट वापरणारा खेळाडू वचन मोडतो, पण नक्कल करण्याच्या किंवा वाटण्याच्या हक्काला हात लावत नाही. म्हणून तो कॉपीराइटचा भंग नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र खेळातले तांत्रिक संरक्षण चुकवणारे साधन विकल्याबद्दल ती कंपनी वेगळ्या कलमाखाली दोषी ठरलीच.

उल्लंघन सिद्ध झाले तरी भरपाई मनासारखी मिळेलच असे नाही. जर्मनीच्या बिटमॅनेजमेंट कंपनीचे त्रिमितीय सॉफ्टवेअर अमेरिकी नौदलाने लाखो संगणकांवर चढवले. एकाच वेळी किती जण वापरतात यावर देखरेख ठेवण्याची अट मात्र पाळली नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने हे उल्लंघन ठरवले. कंपनीने दाव्यात ५९ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मागितली होती. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची संख्या पाहून हाती आले १,५४,४०० डॉलर. २०२५ मध्ये अपिलातही तोच आकडा कायम राहिला.

अट मोडणे हा करारभंग की कॉपीराइटचे उल्लंघन, हा प्रश्न भारतात कायद्यानेच बराच सोडवला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५१ परवान्याविना केलेल्या वापरासोबतच परवान्याच्या शर्तींविरुद्ध केलेला वापरही उल्लंघनात धरते. कलम ५५ खाली मनाई हुकूम, नुकसानभरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

दिवाळी अंकाला कथा, मुखपृष्ठाला छायाचित्र किंवा मालिकेला गाणे देणाऱ्यांनी आणखी दोन तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. कायद्यानुसार परवाना लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे अशा कागदावर घेतलेली कथा सहाव्या वर्षी पुन्हा छापायची असेल किंवा परदेशी आवृत्तीत घालायची असेल, तर प्रकाशकाने लेखकाची नवी सही घ्यायला हवी.