तीस रात्रींची एक रात्र

स्वतःचें घर वीस मैलांवर असतांना हॉटेलांत खोली घेऊन राहणारा मनुष्य आमच्या पिढीस वेडा तरी वाटेल, नाहीं तर घरांत भांडून आलेला. परंतु गेल्या वर्षीं अमेरिकेंत चिरंजीवांकडे असतां मीं स्वतःच हा प्रकार केला, आणि तोही सहकुटुंब व नातवंडांसह. खोलीचे पैसे मात्र आम्हांला द्यावे लागले नाहींत. ते कोणीं आणि कोणत्या नाण्यांत दिले, याचा उलगडा मला त्या रात्रीं झाला. तोच वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

चिरंजीवांचें बिऱ्हाड न्यू जर्सी संस्थानांत एडिसन येथें आहे. एके रात्रीं जेवतांना सूनबाई म्हणाली, "नाना, ह्यांना मिळालेलें हॉटेलचें एका रात्रीचें प्रमाणपत्र या महिनाअखेर बुडतें आहे."

"बुडूं दे कीं," मी म्हणालों. "घरांत गाद्या कमी आहेत काय?"

चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. हॉटेलचें नांव निघालें कीं तो असाच गप्प होतो, हें मीं पाहिलें होतें. पण त्याचें कारण मनांत आलें नव्हतें. निजावयाच्या वेळीं आमच्या घरांतून सूचना आली: "अहो, सकाळीं उठल्यावर समोर ओटा नाहीं, असा एक दिवस तरी पाहूं या." बेचाळीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं मागितलेल्या गोष्टी मला बोटांवर मोजतां येतील. प्रश्न तेथेंच मिटला.

आतां हें प्रमाणपत्र म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. याचें मूळ दुकानदारींत आहे. अमेरिकेंत १८९६ सालीं स्थापन झालेली स्पेरी आणि हचिन्सन ही कंपनी दुकानदारांस हिरवीं तिकिटें विकीत असे. दुकानदार तीं गिऱ्हाइकांस खरेदीच्या प्रमाणांत देई. गृहिणी तीं वहींत डकवीत, आणि वह्या भरल्या कीं मोबदल्यांत भांडीं, दिवे अशा वस्तू आणीत. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें हीच युक्ति विमानप्रवासास लावून मैलांची खातेवही सुरू केली. १९८३ सालीं हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनीं तिचें अनुकरण केलें. १९८७ सालीं हिल्टनही आलें. प्रवासी जितका खर्च करील तितके पॉइंट, आम्हां मास्तरांच्या भाषेंत गुण, त्याच्या खात्यावर पडतात. पुरेसे गुण सांचले कीं एक रात्र विनामूल्य मिळते. शिवाय वर्षांत ठराविक रात्री भरल्या तर कांहीं कंपन्या एका रात्रीचें प्रमाणपत्र बक्षीस देतात. आमच्या चिरंजीवास तें तीस रात्रींबद्दल मिळालें होतें.

मग हॉटेलच्या मालकाचें नुकसान होत नाहीं काय? माझी पहिली शंका हीच होती. उत्तर असें कीं, पाटीवर ज्या कंपनीचें नांव असतें ती पुष्कळदां इमारतीची मालक नसतेच. मालक निराळा असतो, आणि त्या देशांत तो पुष्कळदां गुजराती पटेल असतो. पैसे देऊन राहणाऱ्या सभासदाच्या बिलांतील कांहीं भाग मालक कंपनीच्या निधींत भरतो. फुकट पाहुणा आला कीं त्याच निधींतून मालकास भरपाई मिळते; हॉटेल रिकामें असेल तर थोडी, आणि जवळजवळ भरलेलें असेल तर बहुतेक पूर्ण भाड्याइतकी. जे गुण कोणी वापरीतच नाहींत, त्यांचा फायदा अर्थात् कंपनीस. आमच्या शास्त्रांतलें पुण्य भोगल्यानें क्षीण होतें. हें पुण्य न भोगल्यानें क्षीण होतें.

उपनगरांतील हॉटेलांचें गणित याहून निराळें. प्रिन्स्टनजवळ रूट वन नांवाच्या हमरस्त्याच्या कडेनें कचेऱ्यांच्या वसाहती आहेत, व त्यांच्या आधारानें हॉटेलें उभीं आहेत. सोमवारपासून गुरुवारपर्यंत तीं कामानिमित्त आलेल्या लोकांनीं भरतात. शनिवार-रविवारीं ओस पडतात. हिंजवडीसारख्या ठिकाणीं पुणेकरांनीं हें पाहिलेंच असेल. म्हणून तेथें सुटीच्या दिवशीं जागा सहज मिळते. पण त्याच कारणानें रोख भाडेंही उतरलेलें असतें. शहाण्या मनुष्यानें असें प्रमाणपत्र महाग रात्रीसाठीं राखावें. मात्र तें बुडणारच असेल तर स्वस्त रात्रही शून्यापेक्षां मोठी असते.

ज्यांचीं मुलें-सुना परदेशांत किंवा येथेंच अशा योजनांच्या सभासद आहेत, त्यांनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, मुदत. पुष्कळ योजनांत मुदतीच्या आंत जागा राखून ठेवणें पुरत नाहीं. प्रत्यक्ष मुक्कामच व्हावा लागतो. दुसरी, तुलना. रोख भाडें पाहतांना कर मिळवून पाहावा. न्यू जर्सींत विक्रीकर ६.६२५ टक्के, त्यावर संस्थानाचें निवासशुल्क ५ टक्के, आणि गांवाचा कर असल्यास तो निराळा. विनामूल्य रात्रीवर हे बहुधा पडत नाहींत, म्हणून बचत दिसते त्याहून थोडी अधिक असते. तिसरी, वरखर्च. मोटार ठेवण्याचा आकार, न्याहारी, आणि विश्रामस्थळांत घेतलें जाणारें जादा शुल्क हें प्रमाणपत्रांत येतेंच असें नाहीं, आधीं विचारावें. चौथी, माणसें. एका खोलींत साधारणतः चौघांस परवानगी असते. हॉलिडे इनचे संस्थापक केमन्स विल्सन यांना १९५१ सालच्या कौटुंबिक प्रवासांत मुलांमागें जादा आकार पडला. त्या चिडींतून १९५२ सालीं मेंफिस येथें त्यांनीं पहिलें हॉटेल काढलें आणि आईबापांबरोबरच्या मुलांस आकार माफ केला. आम्ही सहाजण होतों. एक खोली प्रमाणपत्रावर मिळाली, दुसरी चिरंजीवानें गुणांवर घेतली.

शनिवारीं दुपारीं आम्ही प्रिन्स्टन पाहिलें. ज्या नॅसॉ हॉलमध्यें १७८३ सालीं अमेरिकेची काँग्रेस कांहीं महिने भरली, ती दगडी इमारत पाहिली. मर्सर स्ट्रीटवरील ११२ क्रमांकाचें आईन्स्टाईन यांचें घर रस्त्यावरूनच पाहिलें. १९३५ पासून १९५५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते तेथें राहिले. घराचें स्मारक करूं नये अशी त्यांची इच्छा होती, म्हणून तें आजही खासगी निवासस्थान आहे. पांढऱ्या रंगाचें, साधें, लांकडी. सौ. म्हणाल्या, "एवढा मोठा मनुष्य, आणि घर आपल्या गोखल्यांच्या वाड्याइतकेंही नाहीं!" मग कालव्याच्या कांठानें नातवंडांबरोबर हिंडून संध्याकाळीं हॉटेलवर आलों.

येथें ती गोष्ट घडली. खोलीचें दार उघडतांच चिरंजीवानें अंधारांत, न चांचपडतां, दिव्याच्या बटनावर हात ठेवला. इस्त्री कोठें, जादा उशा कोठें, पाण्याचा नळ कोणत्या बाजूस फिरवावा, हें सारें त्यास ठाऊक. "तूं पूर्वीं या हॉटेलांत आला होतास काय?" मीं विचारलें.

"नाहीं, नाना. पण सगळीकडे असेंच असतें."

इतक्यांत सात वर्षांचा नातू पलंगावर चढून ओरडला, "आजी, हा बघ तोच दिवा! बाबा फोनवर गोष्ट सांगतात ना, तेव्हां त्यांच्या मागें दिसतो तो!" मग आपल्या बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही जातां तें हेंच घर का?"

सगळे हंसले. चिरंजीव हंसला नाहीं.

रात्रीं मला झोप येईना. खालीं दिवाणखान्यांत गेलों, तों तो तेथें एकटाच बसलेला. मी शेजारीं बसलों. थोड्या वेळानें तो म्हणाला, "नाना, तुम्ही बदलीच्या गांवीं एका खोलींत राहत होतां. मी तिथें एकदांच आलों होतों. खिडकींत स्टोव्ह होता, आणि खुंटीला तुमची छत्री. ती खोली मला अजून दिसते."

तीन वर्षें मी त्या खोलींत काढलीं होतीं. शनिवारीं शेवटच्या गाडीनें घरीं येई, आणि सोमवारीं पहाटे मुलें उठावयाच्या आधीं निघे. हा तेव्हां सहा वर्षांचा होता. त्याला तें आठवत असेल, असें मला इतक्या वर्षांत कधीं वाटलें नाहीं. आणि त्याबद्दल मीं त्याला कधीं विचारलेंही नाहीं. त्या रात्रीं आम्ही दोघांनीं प्रथम त्याविषयीं बोलणें केलें. काय बोललों, तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

मनुस्मृतींत एकच रात्र राहणाऱ्यास अतिथि म्हटलें आहे. ही व्याख्या मीं कित्येक वर्षें वर्गांत सांगितली. पण मनुष्य कामाच्या ओघांत स्वतःच्याच घरीं अतिथि होऊन बसतो, हें मला त्या वेळीं उमजलें नाहीं. आमची ती रात्र फुकट नव्हती. तिची किंमत त्या मुलानें तीस रात्री फोनवर गोष्ट ऐकून आधींच चुकती केली होती.

म्हणून माझें म्हणणें असें नाहीं कीं, अशीं प्रमाणपत्रें टाकून द्यावीं. उलट तीं अवश्य वापरावीं. मात्र ज्यांनीं वाट पाहिली त्यांच्यासाठीं वापरावीं. आमच्या सौ. दुसऱ्या दिवशीं नऊ वाजेपर्यंत निजल्या, आणि दुसऱ्यानें केलेला चहा खिडकीशीं बसून प्याल्या. त्या अजूनही त्या चहाची आठवण काढतात, जरी तो चांगला नव्हता.

परतल्यावर चिरंजीवानें आपल्या वरिष्ठांशीं बोलून कांहीं फेऱ्या कमी करून घेतल्या. वर्षअखेर सूनबाईचा फोन आला: "नाना, यंदा एकोणीसच रात्री झाल्या. प्रमाणपत्र मिळणार नाहीं."

मागें नातवाचा आवाज ऐकूं येत होता. बाप त्याला गोष्ट सांगत होता, आणि मुलगा मधेंमधें चुका काढीत होता.