रॉ फाइल : बघायची कशी, ठेवायची कुठे

कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. नावं निराळी, पण आत असतो तो सेन्सरने टिपलेला कच्चा माल. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या मावतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणूनच मांडवाच्या सावलीत काळवंडलेला चेहरा रॉमधून बराच उजळता येतो.

या फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपेगही असतो. ‘फोटो मेकॅनिक’ तोच दाखवतं, त्यामुळे लग्नाचे हजारो फोटो झरझर चाळता येतात. ‘लाइटरूम’ किंवा मोफत मिळणारं ‘डार्कटेबल’ मात्र कच्च्या मालावरून चित्र नव्याने रचतं. फोटो उघडताच रंग बदलल्यासारखे वाटतात ते यामुळे. फाइल बिघडलेली नसते.

संस्कार केले तरी मूळ रॉला धक्का लागत नाही. डार्कटेबल ते शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्येही लिहून ठेवतं. फोल्डर हलवताना ती मागे राहिली, तर मेहनतही मागे राहते. लाइटरूम सगळी नोंद कॅटलॉगमध्ये ठेवतं, आणि कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे! हे नवशिक्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं.

कॅमेरा फाइलला देतो तो आकडा सहसा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो आणि एकाच नावाच्या दोन फाइली तयार होतात. त्यामुळे कार्डावरून उतरवतानाच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्यावं. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.