धड्याचं नाव पुसल्यावर
(दहावीची तयारी : भाग 7)

या आठवड्यात शेवटच्या 10 मिनिटांवर लिहायचं ठरलं होतं. 2023 पासून मंडळ पेपरच्या अखेरीस जी वाढीव 10 मिनिटं देतं, ती कशी वापरावीत हा विषय. पण बार्शीच्या एका पालकांचं पत्र मध्येच आलं. मुलीला सरावसंचातली गणितं घडाघडा येतात, सराव परीक्षेत मात्र त्याच धाटणीचं गणित पाहून ती अडते. अभ्यास कमी पडतोय की भीती वाटते, असं त्यांनी विचारलंय.

बहुतेकदा दोन्ही नसतं. ‘वर्गसमीकरणे’ या धड्याखालचा सरावसंच उघडला, की वर्गसमीकरण मांडायचं हे पुस्तकानंच सांगून टाकलेलं असतं. मुलं फक्त पुढची आकडेमोड करतात. दोन संख्यांची बेरीज 15 आणि फरक 3, संख्या कोणत्या? हे दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं गणित. बेरीज तीच 15, पण फरकाऐवजी गुणाकार 54 दिला, की वर्गसमीकरण आलं. उत्तर दोन्हींकडे 9 आणि 6. पेपरात ही दोन्ही एकामागोमाग आली, तर धड्याचं नाव तिथं छापलेलं नसतं.

भूमितीत तर हे फारच होतं. 10 मीटरची शिडी, पाया भिंतीपासून 6 मीटर, टोक किती उंच? पायथागोरस. शिडी तीच, पण पायाच्या अंतराऐवजी जमिनीशी होणारा 60 अंशांचा कोन दिला, तर त्रिकोणमिती. आकृती जवळपास सारखीच.

धड्याअखेरचा ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ इथं कामाला येईल असं वाटतं खरं, पण तो त्या धड्यापुरताच संकीर्ण!

डग रोहरर आणि केली टेलर या अमेरिकी संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा निबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, काहींनी चारही प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळणाऱ्यांची 60. आठवड्यानं चाचणी घेतली, तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर होते आणि मिसळणारे 63 वर. वृत्तचिती, शंकू, गोल आणि शंकूछेद यांची सूत्रं एकमेकांत अडकवणाऱ्या दहावीच्या मुलांनी हे आकडे अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवावेत.

मात्र मिसळणं म्हणजे वीस मिनिटं हिंदी, वीस मिनिटं बीजगणित अशा उड्या मारणं नव्हे. हिंदीचा उतारा आणि श्रेढीचं गणित यांत गोंधळ कुणाचाच होत नाही, त्यामुळे त्या उड्यांतून हा फायदा मिळत नाही. जिथं दोन गोष्टी सारख्या दिसतात, तिथंच मिसळायचं. विज्ञान भाग 1 मध्ये संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन यांची समीकरणं चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, एकेक ओळखावी.

भूगोलात तर पुस्तकानंच हे काम करून ठेवलंय. भारत आणि ब्राझील जवळपास प्रत्येक धड्यात शेजारीशेजारी बसवलेत. हवामान दोघांचं, लोकसंख्या दोघांची. कितीतरी मुलं मात्र खटपट करून ‘भारत’ आणि ‘ब्राझील’ अशा दोन वेगळ्या वह्या करतात आणि मग ‘फरक स्पष्ट करा’ आलं की थबकतात. ब्राझीलची दाट वस्ती किनाऱ्यालगत आणि ॲमेझॉनचं खोरं विरळ. आपल्याकडे गंगेचं खोरं गजबजलेलं. ही दोन वाक्यं एकाच पानावर हवीत.

बार्शीच्या विद्यार्थिनीनं रोज पाच वेगवेगळ्या धड्यांतलं एकेक गणित, धड्याचं नाव न लिहिता, दुसऱ्या कुणाकडून वहीत उतरवून घ्यावं. सोडवण्याआधी शेजारी फक्त रीत लिहावी. पहिल्या आठवड्यात गुण घसरतील. पालकांनी तेवढं सोसावं. शेवटची 10 मिनिटं पुढच्या आठवड्यात.