मोरांचे रान आणि कोयत्याचे महिने

बीड जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आणि ऊसतोड हीच दोन नावे आठवतात. पण याच जिल्ह्यात खास मोरांसाठी राखलेले रान आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी मुलाबाळांना सांगितले असेल? पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगांत नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे.

कायदा झाला, फलक लागला, म्हणजे रान राखले गेले काय? नाही. रानाला माणसे लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात खरी अडचण इथेच आहे.

दसरा सरला की तेलगावच्या कारखान्याचे धुराडे पेटण्याची तयारी होते आणि त्याच वेळी जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उचल घेऊन दूरच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. कोयता परत येतो तो मार्च-एप्रिलमध्ये. रानातले गवत वाळते, वणवा लागतो, झरे आटतात, ते दिवस नेमके हेच. म्हणजे रानाला माणसांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा गाव अर्धे रिकामे असते!

म्हणून रान राखण्याचे काम उरलेल्या माणसांना झेपेल असेच हवे. वनखात्याच्या परवानगीने गवत कापून जाळरेषा मोकळी ठेवणे, बशीसारख्या उथळ पाणवठ्यातील गाळ काढणे, त्यात पाणी टाकणे, धूर दिसताच वनरक्षकाला कळविणे, ही कामे आजोबा आणि नातू मिळून करू शकतात. पाणवठा उताराचाच हवा. खड्या काठाच्या टाकीत पिले बुडून मरतात. शिरूर कासार तालुक्यातील तागडगावच्या सर्पराज्ञी प्रकल्पात जखमी पशुपक्ष्यांची शुश्रूषा होते. साध्या माणसांनी मनावर घेतले तर आपल्याच जिल्ह्यात काय होऊ शकते, हे तिथे दिसते.

वैशाखी पौर्णिमा आपल्या घरोघरी साजरी होते. त्याच रात्री राज्यातील अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद केली जाते. कारण सरळ आहे. चांदणे लख्ख असते आणि उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेले असते. स्वयंसेवकांनाही त्यात बसता येते. पण मित्रांनो, एका रात्रीची मोजणी म्हणजे रानाची सेवा नव्हे. आधीचे तीन महिने ज्याने त्या पाणवठ्यात घागर ओतली, त्याच्यामुळेच त्या रात्री मोजायला काही शिल्लक असते.

सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात मोराचा उल्लेख आहे. राजाच्या मुदपाकखान्यात रोज दोन मोर आणि एक हरीण मारले जात होते. पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्याने कोरून ठेवले. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण रान जाळू नये अशी आज्ञा आहे. सत्ता हाती असलेल्या राजाने आधी आपल्या घरापासून सुरुवात केली, हे ध्यानात घ्यावे.

तेलगाव ते नायगाव अंतर बरेच आहे. पण मोर काही अभयारण्याची हद्द पाहून चरत नाही. लांडोर पावसाळ्यात जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. म्हणून बांधावरचे झुडूप पेटवू नका. औषध लावलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नका. ते टिपून मोर मरतात. कठडा नसलेल्या विहिरीला कुंपण करा. पिसे हवी असतील तर पावसाळा संपताना मोर ती आपणहून गाळतो, हे मुलांना सांगा. जखमी पक्षी दिसला तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी यंदा कोयता निघण्यापूर्वीच एक बैठक घ्यावी. गावात कोण राहणार, पाणवठा कोणाकडे, वनरक्षकाचा फोन कोणाकडे, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले. पोटासाठी गाव सोडावे लागते, त्याला इलाज नाही. मात्र परतल्यावर रानातून मोराची केका कानी पडावी, एवढी तजवीज जाण्यापूर्वी करता येते.