फ्लॉरेन्समधली आपली छत्री

"वैनी, युरोपला जाऊन आलासा म्हणं! तिकडं आपलं काय हाय का हो?"

बचत गटाच्या बैठकीत भाजी विकणाऱ्या एका मावशींनी हा प्रश्न टाकला, तेव्हा मी आयफेल टॉवरचे फोटो दाखवत होते. बाकीच्या बायका हसल्या. मी मात्र पुढचा फोटो काढला आणि म्हटलं, "हाय की! ही बघा कोल्हापूरच्या महाराजांची छत्री."

हसू एकदम थांबलं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींना हे ठाऊक आहे? मलाही कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालेली मी, पण हे कळलं ते चाळिशी उलटल्यावर, एका जुन्या दिवाळी अंकातून.

राजाराम कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपला गेले. वय अवघं वीस. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला, असं मानणारा तो काळ. इंग्लंडमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले, शहरं पाहिली, आणि जे पाहिलं ते रोजनिशीत इंग्रजीत लिहून ठेवलं. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे अडचण उभी राहिली. त्या गावात दहनाची पद्धतच नव्हती. शेवटी खास परवानगी मिळाली आणि कास्चिने नावाच्या बागेच्या टोकाला, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. परक्या मुलुखातही माणसांनी संगम शोधला, हे वाचलं आणि मला आपलं प्रयाग चिखली आठवलं. तेव्हाच मनाशी ठरवलं, की कधी त्या गावी गेलोच, तर इथे जायचंच.

२०२३ मध्ये योग आला. पण टूरच्या कागदावर कास्चिने कुठलं असायला! आमच्या टूर मॅनेजरला विचारलं, "ती छत्री कुठं आहे हो?" तर त्या बिचाऱ्याला वाटलं, मी पावसाची छत्री मागतेय. "काकू, बाहेर फुटपाथवर मिळतील," म्हणाला!

मोठ्या घुमटाचं कॅथेड्रल बघून झालं आणि आम्हाला तीन तास मोकळे मिळाले. चामड्याच्या पर्स घ्यायला सगळ्या निघाल्या. ह्यांचे गुडघे बोलायला लागले होते. म्हणाले, "मी इथे बसतो. तू जाणार असलीस तर जा." जा म्हणणं सोपं हो! लग्नानंतरच्या बावीस वर्षांत मी एकटी गेले ती फार तर पुण्यापर्यंत, तेही एस.टी.नं, आणि उतरायला स्टँडवर भाऊ हजर. इथे तर भाषेचाही पत्ता नाही. पाच मिनिटं तशीच उभी राहिले. मग वाटलं, वीस वर्षांचा पोरगा बोटीत बसून इतक्या लांब आला, आणि मी चार-पाच मैल टॅक्सीनं जायला घाबरतेय?

ड्रायव्हरला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याचा चेहरा उजळला. "इंदियानो! इंदियानो!" कारण तिथून जवळच अर्नो नदीवर जो मोठा पूल आहे, त्याचं नावच मुळी या स्मारकावरून पडलंय. रोज हजारो गाड्या आपल्या राजाच्या नावाच्या पुलावरून जातात, आणि आपल्याला त्याची खबरही नाही.

बागेच्या शेवटी, झाडांच्या गर्दीत ती छत्री दिसली. खांबांवर घुमट, आत फेटा बांधलेला, अंगावर दागिने ल्यालेला तरुण चेहरा. हा अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आपला नवा राजवाडाही याच मँटसाहेबांनी योजलेला, म्हणूनच बहुधा ती वास्तू बघताक्षणी ओळखीची वाटली. स्मारक उभं राहिलं १८७४ साली, म्हणजे राजर्षी शाहू महाराज जन्मले त्याच वर्षी.

आसपास कुणी नव्हतं. एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, तेवढेच. पर्समध्ये अंबाबाईच्या कुंकवाची पुडी होती, पण दुसऱ्याच्या गावात दगडाला डाग कशाला, म्हणून नुसते हात जोडले. आणि खरं सांगते, राजा वगैरे काही आठवलंच नाही. माझा लेकही तेव्हा विशीचा, शिकायला परगावी. त्याला नुसता ताप आला तरी माझा जीव खालीवर होतो. इथे घरचं बाईमाणूस जवळ नसताना एका मुलानं डोळे मिटले होते. डोळे भरून आले.

या प्रवासात मी बरंच काही पाहिलं. पण परत आल्यावर विचाराल, तर माझं असं काय, तर ती अर्ध्या तासाची भेट. नावाजलेलं ठिकाण सगळ्यांचं असतं. आडवाटेचं मात्र जो शोधत जातो त्याचं होतं. तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मधला मराठी शिलालेख बघा, भोसल्यांचा अख्खा इतिहास कोरलाय तिथे. मॉरिशसला गेलात तर समुद्रकिनाऱ्याबरोबरच तिथल्या मराठी माणसांचीही चौकशी करा. टूरवाल्याला निघण्याआधीच विचारायचं, "इथे आपलं काय आहे?" मावशींचा प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता.

आणि हो, यासाठी विमानच लागतं असंही नाही. आमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी अजून खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पाहिलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलंच गाव, शिरोळ तालुक्यातलं. स्वर्गमंडपात उभं राहून मान वर केली, की छताच्या जागी गोल आभाळ दिसतं! २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहेच. येत्या रविवारी आम्ही वीसजणी निघालोय. डबे आपापले, आणि घरी विचारायचं नाही, नुसतं सांगायचं, असं ठरलंय.

मावशींनी तर पहिली सीट धरून ठेवलीय.